केमो चालू असलेल्या पोराला ताप आला तर पहिल्या तासात काय करायचं

रावेरकडे आमची केळी आहे. पोऱ्या सहा वर्षांचा असताना ब्लड कॅन्सर निघाला, उपचार परळला टाटात. केमो घेऊन गावी आलो आणि नवव्या दिवशी रात्री त्याचं अंग तापलं. मी पॅरासिटामॉल दिली. आबा म्हणाले, "सकाळी पाहू." सकाळी पाय थंडगार, रात्रीपासून लघवी नाही. पुढचे अकरा दिवस आयसीयूत गेले. तो वाचला, पण ती रात्र तुमच्या घरी येऊ नये म्हणून हे लिहितोय.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा जंतू रक्तात पसरायला काही तास पुरतात.

हात लावून ताप ठरवू नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, कपाळ सगळ्यांचंच गरम लागतं. काखेतला घाम पुसून डिजिटल थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट दिसला की निघा. गुदद्वारात थर्मामीटर कधीच घालू नका. तिथे ओरखडा पडला तर जंतूंना वाट मिळते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तापाची गोळी नको. तिने ताप दबतो, जंतू नाही. आणि स्टेरॉइड चालू असेल तर ताप न येताही पोरगं बिघडतं. सुस्ती, धाप, गार हातपाय, कापरं, कमी लघवी, यातलं एकही दिसलं तरी थांबू नका.

आमच्या दाराजवळच्या खिळ्याला पिशवी टांगलेली असते. तिच्यात फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट), थर्मामीटर, थोडे पैसे, आणि सरकारी मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी आधार व रेशन कार्ड. रात्री येईल असा गाडीवाला आधीच बोलून ठेवलाय. जवळ कुठे जायचं, तेही केमोच्या डॉक्टरांना घरी परततानाच विचारून घ्या. वाटेत "एक सुई मारून घेऊ" म्हणून थांबू नका; प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना कमरेत सुई दिली तर आत रक्त साकळतं.

दवाखान्यात रांगेत बसू नका. मोठ्याने सांगा, "याला ब्लड कॅन्सर आहे, केमो अमुक तारखेला झाली, ताप इतका आहे. ब्लड कल्चर घ्या आणि शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू करा." ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहायची तपासणी. उद्धट वाटलं तरी चालेल.

आयसीयू म्हटलं की आमच्याकडे रडारड सुरू होते. २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आयसीयूत गेलेल्या कॅन्सरच्या दर दहा मुलांपैकी साधारण सात तिथून जिवंत बाहेर आली होती. श्वासाचं मशीन, बीपीची औषधं, डायलिसिस लागलेल्यांना धोका जास्त. म्हणून डॉक्टरांना रोज तेवढंच विचारा: मशीन कमी झालं का, बीपीचं औषध किती, लघवी किती झाली.

भेटीला जाताना हात कोपरापर्यंत धुवा, सर्दी असेल तर आत जाऊ नका. आत गेलात की बोला. पोऱ्या मशीनवर होता तेव्हा कुठल्या ओळीत किती केळी निसवली, ते मी त्याला रोज सांगायचो.