जोड कार्ब्युरेटर जुळवताना आधी हवा, मग पेट्रोल

एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारवर एसयू कंपनीचे, एचएस४ मॉडेलचे दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) असतात. गाडी झटके खायला लागली की लोक लगेच जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचा) नट फिरवायला घेतात. कृपया तसे करू नका. पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या दोन सिलिंडरांसाठी, मागचा उरलेल्या दोघांसाठी. दोन्ही सारखी हवा ओढत नसतील तर पेट्रोल कितीही जुळवा, गाडी सुधारत नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगीचा स्विच), टायमिंग (ठिणगीची वेळ) आधी लावलेले असावेत. इंजिन पूर्ण तापवा, एअर फिल्टर काढा, चोकची केबल ढिली आहे ना ते पाहा, डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या नळकांड्यात) २० ग्रेडचे तेल घाला. थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची, स्पिंडल (दांडी) हलवून पाहा. ती खिळखिळी असेल तर काम इथेच थांबवा. तिथून शिरणारी हवा कुठल्याही स्क्रूने आवरत नाही.

आता दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरा, दुसरे प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडात अगदी त्याच जागी. दोन्हीकडचा सूं आवाज सारखा येईपर्यंत स्लोचे (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालते त्याचे) स्क्रू फिरवा. स्लो ८०० आरपीएमच्या आसपास ठेवा.

मग पेट्रोल. कार्ब्युरेटरमधला पिस्टन (इंजिनमधला नव्हे) जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन लगेच बसू लागले तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला की बरोबर. जेटचा नट वर नेला की पेट्रोल घटते, खाली आणला की वाढते. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा. एकाला हात लावला की दुसराही पुन्हा तपासायचा.

माझे खरे हाल झाले ते क्लॅम्प घट्ट करताना. स्लोवर इंजिन सुरेख चालायचे आणि ॲक्सिलरेटरला पाय लागताच अडखळायचे. कित्येक महिने मी जेटलाच दोष देत बसलो. दोष होता दांड्यात: एक थ्रॉटल आधी उघडायचा, दुसरा मागाहून. क्लॅम्प नुसते आवळू नका, आवळताना दांडा फिरतो. दांड्याचा थांबा आणि तो जिथे टेकतो ती जागा यांत ०.३ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. दांड्यावरच्या दोन्ही लिव्हरच्या पिना आपापल्या थ्रॉटलच्या काट्याच्या खालच्या बाजूला हलकेच टेकवा आणि तशाच धरून क्लॅम्प आवळा. पट्टी काढली की स्लोवर दोन्ही पिना मोकळ्या राहायला हव्यात.

त्यानंतर लिंकेज (ॲक्सिलरेटरपासून थ्रॉटलपर्यंतची जोडणी) दाबून इंजिन १५०० आरपीएमवर धरा आणि पुन्हा नळीने ऐका. ही तपासणी कधीच टाळू नका. आवाज वेगळे आले तर क्लॅम्प सोडून पुन्हा बांधा. स्लोच्या स्क्रूंना मात्र हात लावायचा नाही, त्यांचे काम झालेले आहे.

फिल्टर चढवून गाडी फिरवून आणा आणि प्लग काढा. चारही फिकट तपकिरी हवेत. पहिले दोन काळे (पेट्रोल जास्त) आणि मागचे दोन पांढरट (पेट्रोल कमी) निघाले, तर आता खुशाल जेटच्या नटाकडे वळा.