अ‍ॅप्टामरवर औषध चढवताना या चुका टाळा

मे महिन्यात यवतमाळकडच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कूलर फुल स्पीडवर असतो. त्याच्याच झोतात एका विद्यार्थिनीनं डीएनए अ‍ॅप्टामरची (औषध थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत नेणाऱ्या रेणूची) नवी ट्यूब उघडली. आत डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी कोरडी पूड. ती उडून गेली. आधी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पूड तळाशी बसवा, मगच झाकण उघडा.

अ‍ॅप्टामर म्हणजे डीएनएची किंवा आरएनएची एकपदरी साखळी. तिची नीट घडी पडली तरच ती कर्करोगाच्या पेशीवरचं ठरावीक प्रथिन पकडते. मुलं ती साध्या पाण्यात विरघळवून थेट वापरतात आणि ‘सर, चिकटतच नाही’ म्हणतात. डीएनए असेल तर मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा, मग थंड होऊ द्या. शिवाय ती साखळी मुळात ४ अंशांवर निवडलेली असेल, तर ३७ अंशांवर पकड टिकते का, तेही तपासा.

सगळ्यात फसवी चूक डॉक्सोरुबिसिनची. हे कर्करोगावरचं लाल औषध साखळी स्वतःवरच दुमडून झालेल्या दुपदरी भागात शिरून बसतं आणि औषधाची चमक मंदावते. पुढे पेशीचं केंद्रक लाल चमकलं की मुलं खूश होतात. पण डॉक्सोरुबिसिन एकटंही पेशीत शिरतं! म्हणून सोबत नुसतं औषध, अक्षरांचा क्रम विस्कटलेली साखळी आणि ते प्रथिन नसलेल्या पेशी, असे तिन्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, ठेवाच. सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) ठेवल्यावर चमक परत वाढली, तर औषध वाटेतच गळतंय असं समजा.

शरीरात अडचणी आणखी वाढतात. रक्तातली एन्झाइम्स साखळी तोडतात, आणि ती इतकी लहान असते की मूत्रपिंड तिला लगेच गाळून टाकतं. म्हणून साखळीत फ्लोरिन बसवतात, टोकाला पीईजी नावाचा मोठा रेणू जोडतात.

खर्र्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी, आमच्याकडे तोंडाचा कर्करोग घरोघरी माहीत आहे. त्यामुळे गावात कुणीतरी विचारतंच, “सर, हे नवं औषध आलं म्हणते, मग बाबाचं केमो थांबवू काय?” मी स्पष्ट सांगतो: २००४ आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली अ‍ॅप्टामर औषधं डोळ्यांच्या आजारांवरची आहेत, कर्करोगावर अजून एकही मंजूर नाही. मग बाबांची फाइल मागून केमोची पुढची तारीख बघतो, आणि नागपूरला कोणत्या गाडीनं जायचं ते तिथंच बसून ठरवतो.