स्कीला रायझर लावताय? आधी या चुका टाळा

रायझर म्हणजे स्की आणि बायंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) यांच्यामध्ये उंची वाढवायला घालायची प्लेट. सगळ्यात आधी आपल्या बेळगावची खास चूक सांगतो. गुलमर्गला कोर्स करून आलेला, स्वतःची सेकंडहँड स्की घेतलेला माणूस एक दिवस उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपात जातो आणि म्हणतो, ‘भावा, बायंडिंगखाली घालायला ॲल्युमिनियमची एक प्लेट मिलिंग करून दे की.’ आणि आपली वर्कशॉपवाली पोरं एवढी हुशार की संध्याकाळपर्यंत प्लेट तयार, फिनिशिंग एक नंबर, पण गडबड तिथंच होते.

कारण टर्न घेताना स्की वाकते, ती वाकायलाच पाहिजे. पंजापासून टाचेपर्यंत एकच सलग प्लेट दोन्ही टोकांना आवळून टाकली की पायाखालचा भाग फळीसारखा ताठ होतो, पुढचा आणि मागचा भाग तेवढा वाकतो. म्हणून कंपनीच्या प्लेटा बघा, एकतर पंजाला वेगळी टाचेला वेगळी असे दोन तुकडे असतात, नाहीतर एका टोकाला लांबट खाच ठेवलेली असते म्हणजे स्क्रू तिथं सरकू शकतो.

दुसरं, ड्रिलिंग. लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्याला स्कीचं भोक म्हणजे काय विशेष असं वाटतं, पण आत बहुतेक वेळा लाकूड असतं, काही स्कीत त्यावर धातूचा पातळ पत्रा, आणि खाली लगेच बेस, म्हणजे बर्फावर घसरणारा तळ. त्यासाठी थांबा असलेलं वेगळं बिट मिळतं, साधारण ९ मिमी खोल जाणारं, धातूचा पत्रा असेल तर ४.१ मिमी आणि नसेल तर ३.५-३.६ मिमी जाडीचं. हातातल्या साध्या ड्रिलनं अंदाजपंचे भोक पाडलं तर बिट खालून बाहेर. स्क्रूचंही तसंच, १० मिमीची प्लेट घातली तर स्क्रूही तेवढाच जास्त लांब लागतो, जुनेच वापरले तर ते लाकडात जेमतेम धरतात आणि पहिल्या जोराच्या टर्नला उपटून येतात, जास्त लांब घेतले तर बेसवर खालून टेंगूळ. आणि ते स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं फिरवू नका, डोकं खाऊन जातं, पोझीड्राइव्ह ३ नंबरचा लागतो. भोकात थोडा वॉटरप्रूफ गोंद घालायचा, नाहीतर पाणी आत जाऊन लाकूड कुजतं.

आता मुळात रायझर पाहिजेच का? स्की एजवर (तळाच्या धातूच्या कडेवर) जितकी कलते तितकी बुटाची कड बर्फाकडं येते. बर्फ कडक आणि स्की कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, ६५-७० मिमीची असेल तर बूट आधी टेकतो, एज सुटते आणि तुम्ही कुशीवर. रायझर यासाठीच आहे, शिवाय उंचीमुळं स्की एजवर टाकायला जोरही चांगला मिळतो. पण स्की ९५-१०० मिमी रुंद असेल तर बूट सहसा टेकतच नाही. गुलमर्गला अफरवटच्या वरच्या गोंडोलानं ३,९०० मीटरच्या वर जाऊन भुसभुशीत बर्फात उतरणाऱ्यांना मी तरी रायझर सांगणार नाही, तिथं उंचीचा फायदा जाणवत नाही, उलट स्की डळमळीत वाटते. नुकतंच शिकणाऱ्यांनी तर नादच सोडा.

बूट खरंच टेकतोय का हे बघायची सोपी युक्ती आहे. बुटाच्या दोन्ही कडांना, सोलच्या जरा वर, मार्करनं जाड पट्टी ओढा, कडक बर्फावर दोन-चार रन मारा आणि बघा. शाई घासली गेली असेल तर होय, बूट टेकतोय. शाई जशीच्या तशी आणि तरी स्की घसरतेय? मग एज बोथट आहे. अंगठ्याचं नख एजवर आडवं ओढा, नखाचा थोडा भुगा निघाला पाहिजे, नाही निघाला तर धार लावा, रायझरचे पैसे वाचले.

मोजल्याशिवाय उंची वाढवणं ही अजून एक चूक. बऱ्याच कार्व्हिंग स्कीवर (एजवर कापत वळायच्या स्कीवर) कंपनीनंच रेल, म्हणजे बायंडिंग सरकवून बसवायची पट्टी, बसवलेली असते आणि ती आधीच उंच असते. बूट बायंडिंगमध्ये अडकवा, स्की टेबलावर सपाट ठेवा आणि बेसपासून बुटाच्या सोलपर्यंत मोजा (व्हर्नियर तर आपल्याकडं घरटी एक असेल). मोठ्यांच्या रेसमध्येसुद्धा एफआयएसची (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची) मर्यादा ५० मिमी आहे, मग आपल्याला त्याच्यावर कशाला जायचंय?

फक्त टाचेखाली पट्टी घालणारेही भेटतात. त्यानं उंची कमी आणि तोल जास्त बदलतो, गुडघे पुढं ढकलले जातात आणि मांड्या भरून येतात. दोन्हीकडं सारखीच जाडी घाला, तोल मुद्दाम बदलायचा असेल तर ते बूट फिटिंगवाल्याकडं.

ऑनलाइन शोधताना टूरिंग बायंडिंगचा (स्की घालून डोंगर चढायच्या बायंडिंगचा) टाचेचा लिफ्टर रायझर म्हणून दाखवतात, तो चढताना उभा करून उतरताना पाडायचा असतो, त्याचा इथं काही संबंध नाही.

प्लेट बसल्यावर दुकानात रिलीज टेस्ट (पडल्यावर बूट बायंडिंगमधून नीट सुटतो का याची तपासणी) करून घ्या आणि ब्रेक बघायला विसरू नका, कारण बायंडिंग वर गेलं की ब्रेकचे हातही वर जातात. बूट काढल्यावर ते बेसच्या खाली पुरेसे येत नसतील तर ते बायंडिंग वापरू नका, सुटलेली स्की उतारावर थांबणार नाही आणि खाली लोकं असतात.