इंजिनिअरिंगला जायचंय? शाळेतच या गोष्टी पक्क्या करा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पेपरात कॅल्क्युलसचं गणित चुकतं, पण चूक अनेकदा कॅल्क्युलसची नसते. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढलेलं असतं, पुढे कंस सोडवताना चिन्ह उलटं होतं. म्हणून शाळेच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत आधी बीजगणितावर हात बसवा: अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम, वर्गसमीकरणं आणि सूत्रातली हवी ती राशी एका बाजूला काढणं. रोज 20 मिनिटं, कॅल्क्युलेटरशिवाय. त्यानंतर त्रिकोणमिती आणि व्हेक्टर (बलासारख्या, दिशाही असलेल्या राशी), मग कॅल्क्युलस. हा क्रम उलटा केला की सूत्रं पाठ होतात, पण वापरता येत नाहीत.

भौतिकशास्त्रात आकृतीशिवाय गणित सुरूच करू नका. उतारावरचा ठोकळा घ्या. तो एकटा काढा आणि त्याच्यावर बाहेरून लागणारी बलंच दाखवा: वजन, पृष्ठभागाचं लंब बल, घर्षण. इथे नेहमीची चूक म्हणजे लंब बल वजनाइतकंच धरणं. उतार 30 अंशांचा असेल आणि दुसरं कुठलं बल ठोकळ्याला दाबत किंवा उचलत नसेल, तर ते वजनाच्या सुमारे 0.87 पट असतं, कारण वजनाचा अर्धा भाग उताराच्या दिशेनेही ओढत असतो. (दोन्हींची बेरीज 1 का होत नाही, असा प्रश्न पडला तर व्हेक्टर पुन्हा वाचा.) उत्तर आलं की कोन शून्य धरून पाहा. सपाट जमिनीवर ठोकळा आपोआप घसरतो असं निघालं, तर साइन आणि कोसाइनची अदलाबदल झाली आहे.

प्रत्येक ओळीत एककं लिहा. 1999 मध्ये नासाचं मंगळयान ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हातचं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले.

मोजमापाची सवय लागायला साधा लंबकही पुरतो. दोरी टांगतो त्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी 1 मीटर ठेवा. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. त्याला सुमारे 2 सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबण्यात 0.2 सेकंदांची चूक झाली, तर एकाच झोक्याच्या वेळेत ती 10 टक्के होते. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तर जवळपास 20 टक्क्यांनी बिघडतं. 20 झोक्यांची एकत्र वेळ घेऊन 20 ने भागा, म्हणजे तीच चूक उत्तरात जेमतेम 1 टक्का उरते. झोका लहानच ठेवा, 10 अंशांच्या आत. वहीत वाचन, अंदाजे चूक आणि तिचं कारण, तिन्ही हवं.

इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात एका एलईडीने करा. पुरवठा 5 व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट, उरले 3. प्रवाह 15 मिलिअँपिअर हवा, तर रेझिस्टर 200 ओहमचा. बाजारात सहज मिळणारा 220 चा चालतो. रेझिस्टर न लावता एलईडी थेट जोडला तर तो जळतो. मल्टिमीटर प्रवाहाच्या सेटिंगवर असताना बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका. मीटरचा रोध जवळपास शून्य असल्याने शॉर्ट सर्किट होतं आणि आतला फ्यूज उडतो.

प्रोग्रॅमिंगसाठी भाषा एकच निवडा, पायथन उत्तम. लूप, फंक्शन, फाइलमधला डेटा वाचणं आणि आलेख काढणं इतकं आलं की थांबा आणि लंबकाचे आकडे त्यातच घाला. पायथन कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात घेतो. साइन 30 चं उत्तर 0.5 ऐवजी उणे 0.988 आलं, तर अंशांचं रेडियन करायचं राहिलंय.

चित्रकला येत नसली तरी चालतं, पण वस्तू मनात फिरवता यायला हवी. काड्यापेटीला कोपऱ्यात खाच पाडा, समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ते कागदावर काढा. मगच प्रत्यक्ष पाहून पडताळा. आधी पाहिलं तर सराव होत नाही. लपलेल्या कडा तुटक रेषेने दाखवा.