ओल नेमकी कुठून येते? आधी पेन्सिल, मग प्लंबर

भिंतीला ओल आली की आपण थेट रंगारी बोलावतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटतात. आमच्या बेडरूममध्ये दोनदा असंच झालं. कारण कळल्याशिवाय पुट्टीवर एक रुपयाही घालू नका.

१. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. फक्त पावसात डाग रेघेबाहेर गेला, तर बाहेरच्या भिंतीच्या किंवा गच्चीच्या भेगा बघा. उन्हाळ्यातही वाढला, तर संशय नळाच्या पाइपवर किंवा बाथरूमवर.

२. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा ओल्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले, तर ती हवेतली वाफ; खिडकी उघडी ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा.

३. पलीकडे बाथरूम असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी पुढे गेलेला दिसला तर पाइप गळतोय. (फ्लशची टाकी गळत नाही ना, हे आधी पाहा.) आकडा जागचा हलला नाही, तर नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरचं पाणी वाहून जायच्या भोकात) फडकं कोंबून जमिनीवर बोटभर पाणी चार-पाच तास साठवा आणि रेघ बघत राहा. आमच्याकडे दोष इथेच निघाला: टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलं होतं. ते नवं भरल्यावर डाग वाढायचा थांबला.

ओल स्विचबोर्डाजवळ असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू नका.