ऑर्गनवर बरोक स्टाइलमध्ये मनचं वाजवायचंय? आधी चार सूर घोटा

इम्प्रोव्हायझेशन म्हटलं की लोकांना वाटतं डोळे मिटायचे आणि सुचेल ते वाजवायचं. बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधली युरोपातली संगीतशैली. तिच्यातला मोठा जर्मन संगीतकार बाख, त्याने १७२० मध्ये हॅम्बुर्गला तिथल्या म्हाताऱ्या ऑर्गनवादक राइनकेनसमोर एकाच कोरालवर (म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात ते भजनच म्हणा) जवळपास अर्धा तास वाजवलं, पण ते काही आभाळातून पडलं नव्हतं, हातात ठरलेल्या चाली मुरलेल्या होत्या. आपल्याकडे आधी कायदा घोटतात आणि मग पलटे काढतात ना, तसंच.

कीबोर्डवर चर्च ऑर्गनचा टोन लावा, सस्टेन पेडल वापरू नका. पायपेटी असली तरी चालेल, दोन्ही हात मोकळे हवेत.

डाव्या हाताने डी, सी, बी फ्लॅट, ए असं खाली या. डी ला सा धरलंत तर सा, कोमल नी, कोमल ध, प. बरोकवाल्यांची एकदम लाडकी चाल आहे ही. उजव्या हातात डी वर एफ-ए, सी वर ई-ए, बी फ्लॅटवर डी-जी आणि शेवटी ए वर सी शार्प-ए. ती शेवटची जागा कान देऊन ऐका, खालचा बी फ्लॅट उतरून ए वर येतो आणि त्याच वेळी वरचा जी चढून ए वर जातो, मला तर दरवेळी दार उघडल्यासारखं वाटतं. याऐवजी प्रत्येक सुरावर नेहमीचे साधे कॉर्ड टाकलेत तर सगळे पंचम एकामागून एक सरकत जातात आणि बरोकचा बाज गेलाच म्हणून समजा.

वीसेक वेळा झालं, बोटांकडे बघावं लागत नाही, मग मधला सूर फोडायचा. एफ वरून सरळ ई वर न जाता एफ-जी-एफ-ई, पुढे ई-एफ-ई-डी, असंच शेवटपर्यंत. नंतर हाच तुकडा डाव्या हाताला द्या, डी-ई-डी-सी, उजव्याने तेव्हा गप्प धरून बसायचं.

एक लक्षात ठेवा, ऑर्गनवर जोरात दाबून काही होत नाही. सूर उठून दिसायला हवा असेल तर त्याच्या आधी बारीकशी फट सोडा.

मग कोराल घ्या. 'फॉम हिमेल होख'ची पहिली ओळ सी मेजरमध्ये सी-बी-ए-बी-जी-ए-बी-सी. बाखच्या आधीच्या पिढीतल्या पाखेलबेल या ऑर्गनवादकासारखं करायचं, म्हणजे आधी ओळ जलद लयीत उजव्या हाताने, डाव्याने खालून तिलाच उत्तर, आणि मग तीच ओळ लांब लांब सुरांत. फ्यूगच्या (एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत गुंफली जाते, त्या प्रकाराच्या) वाटेला इतक्यात जाऊ नका, मी गेलो होतो, तिसऱ्याच बारला बोटांचा गुंता.

आणि किती वेळ वाजवायचं? बाख जर्मनीतल्या आर्नश्टाट गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, तिथे १७०६ मध्ये चर्चवाल्यांनी या विशीतल्या पोराला झापलं होतं, की कोरालमध्ये कसले कसले विचित्र सूर घालतोस, लोक गोंधळतात. त्याआधी फार लांबवतोस म्हणूनही सांगून झालं होतं, तर पठ्ठ्या एवढं थोडक्यात आटपायला लागला की त्याचीही तक्रार.