इनॅमल पिनांसाठी उघडत्या पाठीची पताका

इनॅमल पिना, म्हणजे कपड्याला किंवा पिशवीला लावायचे छोटे रंगीत धातूचे बिल्ले, पिशवीवर लावल्या की घासतात, डबीत ठेवल्या की दिसत नाहीत. माझ्या बहुतेक पिना पक्ष्यांच्या, आणि डबीत कोंबलेला खंड्या मला बघवत नाही. म्हणून भिंतीवर टांगायची छोटी पताका. तयार माप २५ × ३८ सेंमी, खालचं टोक त्रिकोणी. वीस-पंचवीस मध्यम पिना आरामात बसतात.

शिवण्याआधी पाठीचा विचार करा. एकाच कापडात पिना खोचल्या तर पिनेच्या काडीवर मागून बसवायची बुचं भिंतीला टेकतात, रंगावर ओरखडे काढतात आणि पताका पुढे फुगते. दोन्ही कापडांतून पिन आरपार काढली तरी तेच. माझ्या पताकेची पाठ उशीच्या अभ्र्यासारखी एकावर एक येते: हात आत घालून बुचं लावायची, बाहेर काहीच दिसत नाही. शिवाय शिवलेलं उलटवायलाही तीच फट कामी येते, वेगळी जागा सोडून नंतर हाताने बंद करायची कटकट नाही.

पुढच्या बाजूला जाडसर, सुती कॅनव्हास किंवा डेनिम; पाठीला कुठलंही पातळ सुती. दोन्ही आधी धुवून, वाळवून, इस्त्री करा. रंग एकच आणि गडद घ्या. छापील कापडावर पिना हरवतात, हे माझं ठाम मत. आत ३ मिमी जाडीचं फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाड, मऊ कापड. इस्त्रीने चिकटणारं बकरम मी वापरत नाही. पिनेची जागा बदलली की त्यात भोक तसंच राहतं, फेल्ट मात्र बरंचसं मिटतं. फेल्टमुळेच जड पिन मान टाकत नाही. फक्त पिनेची काडी मोजून घ्या: कापड आणि फेल्टपलीकडे बूच पकडेल इतकी, निदान ३-४ मिमी, उरली पाहिजे.

कापायची मापं, शिलाईची १ सेंमी धरून: पुढचा तुकडा २७ × ४०, पाठीचा वरचा २७ × २२, खालचा २७ × २८. पुढच्या आणि पाठीच्या खालच्या तुकड्यावर तळाच्या कडेचा मध्य खूण करा, दोन्ही बाजूंना तळापासून ८ सेंमी वर खूण करा, रेघा जोडून कापा. फेल्ट तयार मापाहून अर्धा सेंमी कमी ठेवा, म्हणजे ते शिलाईत अडकत नाही. टांगायला अडीच सेंमी रुंद सुती पट्टीचे ८ सेंमीचे तीन तुकडे; १ सेंमी जाडीची काठी त्यांतून सहज जाते.

पाठीच्या वरच्या तुकड्याची खालची कड आणि खालच्याची वरची कड १ सेंमी, परत १ सेंमी दुमडून टीप मारा. आता पुढचा तुकडा सुलट ठेवा. पट्ट्या मधोमध दुमडून वरच्या कडेला लावा, घड्या खाली तोंड करून. त्यावर पाठीचा वरचा तुकडा उलटा, मग खालचा उलटा. हा क्रम चुकवू नका, कारण आधी ठेवलेला तुकडा उलटवल्यावर बाहेर येतो आणि वरचा पदर खालच्यावर पडून फट झाकतो. दोन्ही पदर ६ सेंमी एकमेकांवर आले पाहिजेत.

मशीनला १६ नंबरची सुई, ३ मिमीचा टाका. चारी बाजू शिवा. पट्ट्यांवरून पुढे-मागे दोनदा जा, सगळा भार तिथेच येतो. त्रिकोणाच्या टोकाशी थेट कोन न करता एक टाका आडवा घ्या, टोक जास्त नेटकं निघतं. कोपरे छाटून उलटवा, बोथट काडीने टोकं बाहेर काढा, इस्त्री करा. फेल्ट फटीतून सरकवून पुढच्या कापडाला सपाट लावा आणि वरच्या कडेपासून अर्ध्या सेंमीवर एक टीप मारा. एवढ्याने ते जागेवर राहतं, बाकीचं काम पिना करतात.

पिना आधी नुसत्या पताकेवर मांडून बघा, फोटो काढा, मग खोचा. कॅनव्हासला दाभणाने वाट करून द्या. ते धागे बाजूला सारतं, तोडत नाही. एका काडीच्या पिना गरगर फिरतात. त्यांना पितळीपेक्षा रबरी बूच घट्ट धरतं. महागातल्यांना कुलपी बूच, म्हणजे नुसतं ओढून न निघणारं, लावा. भारी पिना मी तळाकडे ठेवते, त्यांच्या वजनाने कापड ताणलेलं राहतं.

थेट ऊन येणारी भिंत टाळा. गडद कापड आधी फिकं होतं, आणि पिन काढल्यावर तिच्या आकाराचा गडद डाग दिसतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. धुवायचीच वेळ आली तर पिना काढा आणि काठीही. फेल्ट लोकरीचं असेल तर गरम पाणी नको, ते आटतं.